वरच्या देवाचा नारळ

मी हिमालयात निघालोय म्हटल्यावर गावानं मला पहिला प्रश्न विचारला तो उंचीचा नव्हता, थंडीचाही नव्हता. पारावर तंबाखू मळत बसलेल्या तात्यांनी विचारलं, "वर देव कुठला हाय?"

"देव न्हाय तात्या. नुसतं शिखर हाय, बर्फाचं."

"देऊळ न्हाय?"

"न्हाय."

"पायऱ्या?"

"त्याबी न्हाईत."

तात्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली, हात झटकले आणि माझ्याकडं जरा काळजीनं बघितलं. "मग चढायचं कशाला?"

आमच्या जिल्ह्यात डोंगर म्हटला की वर देव असतोच. देवाला उंचावर राहायची हौस आणि माणसाला तिथवर पायऱ्या बांधायची. आता आमची कन्हेरी म्हणजे कालव्याचा भराव आणि पाण्याची टाकी सोडली तर मान वर करून बघावं असं फारसं काही नाही. पण त्या टाकीखालीसुद्धा कुणीतरी मारुती बसवलाच होता. त्यामुळं देव नसलेल्या डोंगरावर पदरमोड करून जाणं हे गावाच्या हिशेबात बसेना.

हे खूळ मुळात माझं नव्हतं, दाजींचं होतं. दाजी म्हणजे आमच्या आक्काचे यजमान. वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते, क्वार्टरमध्ये राहायचे, आणि वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे. अशाच एका जाहिरातीत त्यांना हे सापडलं. मनालीच्या वरचं सतरा हजार फुटी शिखर, नवशिक्यांसाठी, पूर्वानुभवाची गरज नाही. रविवारी दाजी एसटीनं थेट कन्हेरीत. हातात कात्रण. "पाव्हणं, पूर्वानुभव नको म्हणत्यात. म्हंजे आपल्यासारख्यासाठीच काढलंय की हे!"

आता मी का तयार झालो ते सांगतो. घरात मला 'निम्म्या' म्हणत. लहानपणी एकदा पैज लावून कालव्यात पोहायला उतरलो. मध्यापर्यंत गेलो, दम लागला, आणि आलो तसा परत फिरलो. काठावरनं आक्का ओरडली, "अरं निम्म्या, परत यायला बी तेवढंच अंतर लागतंय की!" झालं. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि मीही त्याला जागत गेलो. डिप्लोमा दोन वर्षं करून सोडला. तालमीत गेलो, अंगाला माती लागली तेवढीच. कोंबड्या पाळायचं ठरवलं, पिंजरे बांधून झाले आणि कोंबड्या आणायचाच कंटाळा आला. सायकलवरनं भीमाशंकरला निघालो आणि पाटसवरनं परत आलो. सव्वीस वर्षांचा घोडा झालो तरी गावातली शेंबडी पोरंसुद्धा 'निम्म्या काका' म्हणायची. तेव्हा म्हटलं, आयुष्यात एक गोष्ट तरी टोकापर्यंत न्यायची. आणि ह्या गोष्टीला तर टोक अगदी दिसण्यासारखं होतं.

तयारी आम्ही जोरात केली. दम वाढवायचा म्हणून मी उसाच्या फडात ट्रक भरणाऱ्या टोळीत शिरलो. डोक्यावर मोळी घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरनं पळत वर चढायचं. टोळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. एक जणी म्हणाली, "शिकून चुकला का काय ह्यो, आता मोळ्या वाहतोय!" मी मान खाली घालून मोळ्या वाहिल्या. तिकडं दाजींचा थंडीचा अभ्यास चालू होता. त्यांच्या ओळखीच्या एका माणसानं आम्हाला द्राक्षांच्या शीतगृहात अर्धा तास बसू दिलं. दाजी स्वेटर न घालता द्राक्षांच्या पेट्यांवर मांडी घालून बसले. बाहेर आल्यावर त्यांचे ओठ जांभळे झाले होते, तरी म्हणतात, "काय न्हाय हो त्यात. हिमालय म्हंजे हेच, फकस्त द्राक्षं न्हाईत."

निघायच्या आदल्या दिवशी गावानं सत्कार केला. आमच्याकडं सत्कार कामाच्या आधीच करतात. नंतर माणूस सापडेल न सापडेल, सरपंचांना वेळ असेल नसेल. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं रीतसर. पण खरा घोटाळा पेंटरनं केला. तो पुढं लग्नसराईत अडकणार होता, म्हणून त्यानं दोन्ही कापडी बॅनर एकदमच रंगवून टाकले. एकावर 'हार्दिक शुभेच्छा'. दुसऱ्यावर 'हिमालयाचे शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली माझं नाव, त्याखाली दाजींचं, आणि त्याखाली पेंटरचं स्वतःचं, आमच्या दोघांपेक्षा मोठ्या अक्षरांत. दुसरा बॅनर घडी घालून डेअरीच्या कपाटात ठेवला. अजून मी दौंडपण गाठलं नव्हतं आणि गावानं मला शिखरावर नेऊन ठेवलं होतं.

देवाचा प्रश्न आईनं सोडवला. "देऊळ नसंल तर नसंल. डोंगर हाय म्हंजे कुणीतरी बसलेला असणारच वर," असं म्हणून तिनं शेंडीसकट एक नारळ माझ्या सॅकमध्ये घातला. "टोकावर गेलास की फोड. एक वाटी तितं ठेव, एक घिऊन ये. सगळ्या गावाला प्रसाद वाटायचा हाय." मी म्हटलं, आई, तिथं एकेक ग्रॅम वजन मोजतात. आई म्हणाली, "मग तुजी ती दाढीची पेटी काढ." दाढीची पेटी निघाली, नारळ राहिला.

आबा, म्हणजे आमचे वडील, कोपऱ्यात बसून हे बघत होते. आबांनी अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलं. कालव्याच्या पाण्याची पाळी मिळायला लागल्यावर कळप विकला आणि ऊस-कांद्यात पडले, पण बोलणं मेंढक्याचंच राहिलं, दिवसाला मोजून चार वाक्यं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती जण चाललाय?"

"मी आन् दाजी. दोघं."

"बरं," आबा म्हणाले, आणि घोंगडी झटकून बाहेर गेले.

आक्का माहेरी आली होती ती भाकऱ्या आणि ठेचा बांधून द्यायला. तिनं गाठोडं माझ्या हातात कोंबलं आणि एका दमात दोन हुकूम सोडले. "निम्म्या, ह्या बारीला अर्ध्यातनं परत आलास तर दारात घ्यायची न्हाय मी तुला. आन् ह्यांना," दाजींकडं बोट करून, "ह्यांना हाय तसं परत आण. नखाला बी धक्का लागता कामा न्हाय." दाजी तेव्हा आरशात बघून कानटोपी मागं-पुढं करत होते. दोन हुकूम एकमेकांच्या आड येतील हे तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

दौंडला गाडी पकडली, दोन दिवस बसून बसून बुड सपाट झालं, पुढं रात्रभर बस आणि मग मनाली. आमच्या चमूत आणखी चौघं होते, पुण्यातल्या एका बँकेतली माणसं. त्यांच्याकडं रंगीत जाकिटं, काळे चष्मे, चॉकलेटं. आमच्याकडं ठेचा. दोन वाटाडे होते, दोघंही त्याच डोंगरातले. त्यातला मोठा बँकवाल्यांबरोबर असायचा आणि दुसरा, चाळिशीचा, कमी बोलणारा, आमच्या वाट्याला आला. बुटांना बांधायचे लोखंडी दात्यांचे पट्टे आणि बर्फात रोवायची कुऱ्हाड हातात दिली तेव्हा दाजींनी कुऱ्हाड कानाशी धरून बोटानं वाजवून बघितली. "पोलाद बरं हाय," असा त्यांनी निकाल दिला. वाटाड्यानं पहिल्यांदाच त्यांच्याकडं आदरानं बघितलं.

पहिले दोन दिवस देवदाराची झाडं, ओढे आणि मग मोठाली कुरणं. तिसऱ्या दिवशी तंबू ठोकला आणि वरच्या अंगानं मला वास आला. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, धुराचा. अहो, माझ्या घराचा वास! दाजींनी नाक दाबलं आणि मी नाक वर करून पळत सुटलो. टेकाडाच्या पलीकडं तिथले मेंढके उतरले होते, शेकडो मेंढरं घेऊन. त्यांचा कुत्रा दाजींच्या अंगावर आला, दाजी एका दगडावर उभे राहिले ते मी परत येईपर्यंत उतरले नाहीत.

एक म्हातारा दोन धोंड्यांमधनं एकेक मेंढरू सोडत होता आणि जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीला हात लावून पुटपुटत होता. मोजत होता. मी बघतच राहिलो. आबा असंच करायचे. कळप कोकणातनं परत आला की गावाच्या शिवेवर असंच एकेक मेंढरू हाताखालनं जायचं. मोजणी भरली की शिवेवरच्या दगडावर नारळ फुटायचा आणि आम्ही पोरं खोबऱ्यावर तुटून पडायचो. एका वर्षी एक कोकरू कमी भरलं. त्या वर्षी खोबरं मिळालं नाही म्हणून मी भोकाड पसरलं होतं, आणि आबा काठी घेऊन आल्या वाटेनं परत निघून गेले होते, एका कोकरासाठी.

मोडक्यातोडक्या हिंदीत मी म्हाताऱ्याला सांगितलं की आम्हीपण तुमच्यातलेच. त्यानं हसून शेळीच्या दुधाचा चहा दिला. कुठं चाललात, म्हणाला. मी शिखराकडं बोट केलं. त्यानं तिकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि अगदी तात्यांच्याच सुरात म्हणाला, "ऊपर तो घास नहीं है." आता बोला! दीड हजार किलोमीटर लांब आलो तरी प्रश्न तोच.

शिखरावर जायच्या दिवशी वाटाड्यानं दोनला उठवलं. ऊन वर आलं की बर्फ मऊ होतो, म्हणून आधी चढून आधी उतरायचं. पुढच्या दोरावर बँकवाले आणि मोठा वाटाड्या, मागच्या दोरावर आमचा वाटाड्या, मधे दाजी आणि शेवटी मी. पाऊल रोवा, श्वास घ्या, पुन्हा पाऊल. मोळ्या वाहिल्याचा फायदा होत होता. सॅकमध्ये पाठीच्या कण्याला नारळ टोचत होता आणि मला त्याचं बरंच वाटत होतं. उजाडलं तेव्हा शेवटचा उतार समोर होता. वर टोक, टोकावर कुणीतरी आधी खोचलेल्या रंगीत पताका फडफडताना स्पष्ट दिसत होत्या. आमच्या घरापासनं मारुतीचं देऊळ असंल ना, तेवढंच अंतर. मला हसू फुटलं. मनात म्हटलं, आक्के, आता नवीन नाव शोध.

तेवढ्यात दाजी बसले. बर्फात फतकल मारून.

"पाव्हणं, भोंगा झाला का?"

"कसला भोंगा?"

"दुसऱ्या पाळीचा. अजून कसा काय होईना?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसलो. दाजी हसले नाहीत. त्यांनी दातानं हातमोजा ओढला. म्हणाले, "हे घालून नट फिरत न्हाईत." आणि उघड्या बोटांनी कमरेच्या दोराची गाठ सोडायला लागले. वाटाड्या दोन उड्यांत मागं आला, त्यानं त्यांचा हात धरला, हातमोजा परत चढवला, डोळ्यांत बघितलं. उभं करून चार पावलं चालायला लावलं. दाजी वरातीत झिंगलेल्या माणसासारखे चालले आणि भडाभडा ओकले.

"हवा लग गई," वाटाड्या म्हणाला, म्हणजे उंचीवरची विरळ हवा बाधली होती. "इनको नीचे ले जाना है. अभी. देर की तो ये नहीं बचेंगे."

वरनं मोठ्या वाटाड्यानं ओरडून विचारलं. दोघांचं त्यांच्या भाषेत बोलणं झालं. मग आमच्या वाटाड्यानं मला सांगितलं, तू पुढच्या दोराला लाग, ते थांबलेत तुझ्यासाठी. अर्ध्या तासात टोकावर जाशील, त्यांच्याबरोबर उतर. ह्यांना मी नेतो.

बघा, माझी सोय झाली होती. मला कुणी अडवलं नव्हतं. मी त्या पुढच्या दोराच्या दिशेनं दहा-बारा पावलं टाकलीसुद्धा, हे मी लपवणार नाही. मागं वळून बघितलं तर वाटाड्या दाजींना ओढत होता आणि दाजी तसूभर हलत नव्हते. आडमुठ्या बैलासारखे पाय रोवून बसलेले. वाटाड्याची हिंदी त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती. "पाळी संपल्याबिगर मशीन सोडून येत न्हाय मी," एवढंच घोकत होते. आणि मग त्यांनी मान फिरवून मला शोधलं. बर्फावर सगळीकडं बघत होते, मी दिसत होतो तरी त्यांना सापडत नव्हतो. "पाव्हणं? ओ पाव्हणं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या थंडीत तेवढीच काय ती ऊब. चांगल्या चार शिव्या दिल्या मी त्यांना, मोठ्यानं. जाहिरात तुम्ही आणायची, द्राक्षांवर तुम्ही बसायचं आणि माझ्या टोकाजवळ येऊन तुम्हीच बसकण मारायची? पण शिव्या देत देत मी खालीच आलो. पाय खाली येत होते आणि तोंड चालू होतं.

बखोटीला धरलं, उठेनात. मग मला सुचलं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं, छातीत होती नव्हती तेवढी हवा भरली आणि कारखान्याच्या भोंग्याचा आवाज काढला. लांब, सुरुवातीला बारीक आणि मग चढत जाणारा, वालचंदनगरला ज्यावर घड्याळं लावतात तसा. वाटाड्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याला वाटलं असणार, हवा ह्यालापण लागली.

दाजी उठून उभे राहिले. विजारीवरचा बर्फ झटकला. "झाली सुट्टी," म्हणाले. "चला, घरी जाऊ."

शंभर पावलांनी पुन्हा बसले. पुन्हा भोंगा. पुन्हा उठले. त्या दिवशी त्या डोंगरावर किती पाळ्या सुटल्या देव जाणे. श्वास घ्यायला हवा नव्हती तिथं मी भोंगे वाजवत होतो आणि मधल्या वेळात रडत होतो. हो, रडत होतो. रागानं पण आणि भीतीनं पण. एकदाच मागं बघितलं तेव्हा बँकवाले टोकावर हात वर करून नाचत होते. नंतर बघितलं नाही.

दुपारी कुरणापर्यंत उतरल्यावर दाजी माणसात आले. दोन कप चहा प्यायले आणि मला विचारलं, "झालं का? गेलो का आपण वर?" मी सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचं तोंड उतरत गेलं. "तुमी जायला पायजे हुतं, पाव्हणं," म्हणाले. "गाव आता तुमाला काय म्हनंल?"

"म्हणतंय तेच म्हणंल."

"नारळ हितंच फोडू. एक वाटी घिऊन जाऊ. कुणाला कळतंय?"

मी नाही म्हटलं. गावाला फसवणं मला जमलं असतं; आमचं गाव काही फार अवघड नाही. पण आई त्या खोबऱ्याचा तुकडा डोळे मिटून कपाळाला लावणार आणि मी समोर उभा राहून बघणार, हे जमलं नसतं. नारळ शेंडीसकट परत सॅकमध्ये गेला.

परत येताना गाडीत दाजी गप्प होते. मला वाटलं, अशक्तपणा असेल. ते मनात काय शिजवत होते ते कन्हेरीच्या फाट्यावर कळलं. एसटी थांबली तर समोर हलगी, गुलाल, सरपंच, आणि डेअरीपासनं लिंबाच्या झाडापर्यंत ताणून बांधलेला तो दुसरा बॅनर. मी तोंड उघडायच्या आत दाजी एसटीच्या पायरीवरनंच ओरडले, "पाव्हण्यानं नाव काढलं! थेट टोकाला पाय लावून आला!"

हलगी कडाडली. मला खांद्यावर घेतलं. तोंडात गुलाल गेला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. कुणी निम्म्या म्हणत नव्हतं, सगळे माझं नाव घेऊन ओरडत होते. मनात आलं, राहू दे असंच. दाजी सांगतायत, मी कुठं काय बोललोय? त्या उंचीवरनं मला आबा दिसले, गर्दीच्या पलीकडं शिवेवरच्या दगडापाशी काठी टेकून उभे होते. हलत नव्हते.

आई ताट घेऊन पुढं आली. "आता खाली उतर, आन् प्रसाद काढ."

सगळ्यांचे हात पुढं झाले. मी सॅकमध्ये हात घातला, आणि अख्खा नारळ बाहेर काढला. शेंडीसकट.

एका बाजूची हलगी आधी थांबली, मग दुसऱ्या बाजूची.

"फोडला न्हाईस?" आईनं विचारलं.

"वर गेलोच न्हाय, आई. देवळाएवढं अंतर राहिलं हुतं. परत आलो."

मागनं कुणीतरी खो-खो हसत म्हणालं, "निम्म्या त्यो निम्म्याच!" आणि हशा उसळला. दाजी मधे पडले. "माज्यामुळं, माज्यामुळं परत आला त्यो! मला हवा लागली हुती, मला काय सुद नव्हती." पण त्या गोंधळात कोण ऐकतंय? मला खांद्यावरनं खाली ठेवलं होतं हे मला तेव्हा कळलं. माझी नजर बॅनरवर गेली आणि वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. आबा गर्दीतनं पुढं आले. हसणारे आपोआप बाजूला झाले.

"किती जण गेला हुता?" आबांनी मला विचारलं.

"दोघं."

"आन् आला किती?"

तात्या मधेच म्हणाले, "आबा, आता दिसत्यात की दोघं समोर, काय इचारता?"

आबांनी तात्यांकडं बघितलंही नाही. दाजींच्या पाठीवर हात ठेवला. "एक." मग माझ्या पाठीवर. "दोन." माझ्या हातातनं नारळ घेतला, शिवेवरच्या दगडापाशी गेले, आणि एका फटक्यात फोडला. कितीतरी वर्षांत तिथं नारळ फुटला नव्हता. पाणी दगडावरनं ओघळलं.

"भरली मोजणी," आबा म्हणाले. "वाटा."

जुन्या माणसांना कळलं. आमच्या चुलत्यांनी टोपी काढून हातात घेतली. आई तिथंच दगडापाशी बसून खोबऱ्याचे बारीक तुकडे करायला लागली आणि दर तुकड्याला पदरानं डोळे पुसायला लागली. सगळ्या गावाला पुरला तो नारळ, कसा पुरला कोण जाणे. तात्यांनी खोबरं चावत मला हळूच विचारलं, "पर देव कुठला म्हणायचा ह्यो?" मी म्हटलं, तुमीच ठरवा. बॅनर काढायचा का ठेवायचा ह्यावर सरपंच चर्चा काढणार होते, पण खोबरं खाण्याच्या नादात ते राहून गेलं. पुढं पावसानं त्यातलं 'शिखर' धुऊन नेलं. 'हार्दिक अभिनंदन' आणि पेंटरचं नाव तेवढं दिवाळीपर्यंत टिकलं.

आक्का अजून माहेरीच होती, पण फाट्यावर आली नव्हती. पोरांनी पुढं पळत जाऊन तिला सगळं सांगितलं होतं. आम्ही घरी पोचलो तेव्हा ती दारात उभी होती, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. दाजींवरनं तुकडा ओवाळला. मग त्यांचे कान बघितले, हात पालथे करून बोटं बघितली, एकेक नख बघितलं. दाजी म्हणाले, "अगं, सगळी हायेत." ती म्हणाली, "गप बसा," आणि तिला हुंदका आला. दाजी आत गेले.

मी उंबऱ्याच्या बाहेरच थांबलो.

"अर्ध्यातनं परत आलोय," मी म्हटलं. "दारात घ्यायची न्हाय म्हणाली हुतीस."

तिनं दुसरा तुकडा आणला, माझ्यावरनं ओवाळला, पायांवर पाणी घातलं, तुकडा लांब भिरकावला. मग डोळे पुसत आत वळली आणि आतनं नेहमीसारखीच खेकसली. हाक एका माणसाच्या नावानं होती, आणि पुढं, "च्या गार हुतोय, येतोस का आत?"

मी मागं वळून बघितलं, पाव्हणा कोण आलाय म्हणून. अंगणात कुणीच नव्हतं. माझंच नाव होतं ते. कालव्यातल्या त्या पैजेनंतर तिच्या तोंडून मी ते ऐकलंच नव्हतं.